समुद्रावर धरलेली साय

प्रणाली घाटोळनं समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. भातकुलीत वाढलेल्या पोरीला पाणी म्हणजे विहिरीचं, फार तर पूर्णा नदीचं. घरी वांगी, मेथी आणि झेंडू. आई मैनाबाई भल्या पहाटे माल तोडून अमरावतीच्या बाजारात न्यायची, बाबा देवीदास मागे ओलिताचं बघायचे. अशा घरातली मुलगी दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्रात जाऊन उष्णता मोजते, हे गावात सांगितलं तर लोक आधी तिच्याकडे आणि मग एकमेकांकडे बघत.

या सगळ्याची सुरुवात अकोल्यात झाली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती शेखरमामाकडे राहायला जायची. मामाचं कूलर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि अकोल्याच्या मे महिन्यात त्या दुकानाला श्वास घ्यायलाही फुरसत नसे. वाळ्याच्या ताट्या बदलता बदलता तिनं एकदा विचारलं होतं, "मामा, पानी तं नळाचंच हाय, मंग हवा थंडी कावून होते?"

"पानी उडते नं पोरी. जाताजाता गर्मी घेऊन जाते आपल्यासंगं."

ते तिच्या डोक्यात बसलं ते बसलंच. कॉलेजात भौतिकशास्त्र घेतलं, पुढे समुद्रविज्ञान शिकली आणि एका संशोधन संस्थेत उपकरणं सांभाळण्याच्या कामाला लागली. समुद्र हवेला किती उष्णता देतो आणि हवा समुद्राला किती देते, हे मोजणारी ती उपकरणं. मग एका वर्षी दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमेच्या यादीत तिचं नाव आलं.

निघायच्या आदल्या दिवशी मैनाबाईनं डबा बांधता बांधता विचारलं, "तिथं तं नुसतं बरफ असते म्हन्ते. मंग गर्मी कायची मोजतं वं?"

"आई, तिथलं पानी गारच असते. पन हवा त्याच्याहून लय थंडी. म्हनून पान्यातली गर्मी वर हवेत जाते."

"थंड्या पान्यातून गर्मी," मैनाबाई म्हणाली आणि तिनं डब्याची गाठ आवळली. "बरं. सोटर दोन घेजो."

प्रणालीनं खरं म्हणजे स्वतःही ते पुस्तकातच वाचलं होतं. डोळ्यांनी पाहिलं ते मार्चच्या अखेरीस, जेव्हा अमरावतीत उन्हाचा चटका सुरू होतो आणि तिकडे हिवाळा उतरायला लागतो. किनाऱ्यावरून येणाऱ्या वाऱ्यानं बर्फ दूर ढकलला होता आणि मधे काळ्या पाण्याचा मोठा पट्टा उघडा पडला होता. हवा उणे चोवीस. पाणी उणे दोन अंशांच्या जरा वर, खारट म्हणून न गोठलेलं. आणि त्या पाण्यातून वाफ निघत होती. चुलीवरच्या आंधणातून निघावी तशी, क्षितिजापर्यंत. ती डेकवर उभी राहून बघतच राहिली. हात हातमोज्यांत असूनही बधिर झाले होते आणि समोरचा समुद्र जणू उकळत होता.

त्या पाण्यात त्यांनी पिवळा तरंगता ठोकळा सोडला. त्यावर माणसाच्या उंचीचा खांब, खांबावर वारा, तापमान आणि बाष्प टिपणारी उपकरणं. जहाजाच्या स्वतःच्या उष्णतेनं मोजणी बिघडू नये म्हणून जहाज लांब जाऊन थांबलं. आकडे रेडिओवरून येत. उपकरणांवर बर्फ धरू नये म्हणून त्यांच्याभोवती तापणारी बारीक तार होती. ती तार जोडायचं काम प्रणालीचं. तिनं प्रत्येक जोड पुन्हा पुन्हा ओढून पाहिला होता.

सुरुवातीला आकडे असे येत होते की मोहिमेच्या प्रमुख मॅडम चहा विसरून पडद्यासमोर बसून राहिल्या. समुद्र भरभरून उष्णता सोडत होता. मग एके सकाळी वारा पडला, बारीक हिमवर्षाव सुरू झाला आणि आकडा घसरू लागला. दुपारपर्यंत निम्म्याखाली आला.

"दोनच गोष्टी असू शकतात," मॅडम म्हणाल्या. "समुद्र खरंच गोठायला लागला, किंवा उपकरणांवर बर्फ चढला. उपकरणांवर चढला असेल तर आजचे आकडे टाकून द्यावे लागतील. कदाचित कालचेही."

त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी कोणाचं नावही घेतलं नाही. प्रणालीला मात्र आपली तार आठवली. बर्फ चढला असेल तर तार तापली नाही, आणि तार तिनं जोडली होती. सगळे तिच्याकडे बघताहेत असं तिला वाटू लागलं. कोणी बघत नव्हतं, जो तो आपल्या कामात होता. हिमाच्या पडद्यामागे ठोकळा दिसत नव्हता.

बर्फात अडकून चेंगरायच्या आधी तो उचलणं भागच होतं. ॲल्युमिनियमची होडी खाली सोडली. होडी चालवायला वसईचा एक मुरलेला दर्यावर्दी होता, त्याला सगळे तांडेल म्हणत. मदतीला एक खलाशी. प्रणालीनं स्वतःहून सांगितलं, "मी जाते. उपकरणं कशी सुटी करायची ते मला ठाऊक आहे."

जहाजापासून थोडं पुढे गेल्यावर पाण्याचा आवाज बदलला. छपछप थांबली. पाणी तेलकट, जड दिसू लागलं, मग त्यात बर्फाचा रवाळ चिखल. तांडेलनं वेग कमी केला. ठोकळ्याचा पिवळा रंग दिसायला लागला तोच इंजिन खोकलं, आणि बंद पडलं.

"चिखल आत गेला," तांडेल म्हणाला. "थंड करणारं पाणी मिळत नाही, इंजिन तापलंय."

एवढ्या थंडीत इंजिन तापून बंद पडलं, याचं दुसऱ्या कुठल्या दिवशी प्रणालीला हसू आलं असतं. आता तिला फक्त ती शांतता ऐकू येत होती. होडीच्या कडेला काहीतरी बारीक करकरत होतं. तिनं वाकून पाहिलं. दुधावर साय धरावी तशी पाण्यावर पातळ राखाडी कातडी धरत होती. लाट आली की फुटत नव्हती, लाटेबरोबर वाकत होती.

तांडेलनं रेडिओवर जहाजाला सांगितलं. मॅडमचा आवाज आला, "जागीच थांबा. जहाज येतंय. कोणीही उभं राहू नका."

वाट बघायची म्हणजे काय, हे तिला तेव्हा कळलं. पायांची बोटं जाणवेनाशी झाली. खलाशी हळूहळू देवाचं नाव घेत होता. तांडेल मात्र वल्ह्यानं ती कातडी फोडत होता, आणि फोडता फोडता होडी वीतवीत पुढे सरकत होती. प्रणालीनं दुसरं वल्हं घेतलं. बसून राहण्यापेक्षा ते बरं होतं. हात चालले तसं अंगात थोडी ऊब आली.

ठोकळा हाताशी आला. तिनं दोरी अडकवली, गुडघ्यांवर उंच होऊन वर पाहिलं, आणि हातमोज्याचा वरचा थर काढून उपकरणाला बोट लावलं.

कोरडं. स्वच्छ. बर्फाचा एक कण नाही. तार मंद कोमट लागत होती.

"काय झालं?" तांडेलनं विचारलं, कारण ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

"आकडा खरा आहे," ती म्हणाली. "बिघडलं काही नाही. समुद्रावर झाकण बसलं, वाराही पडला, म्हणून उष्णता वर येईना. बस्स."

मागून जहाजाचा भोंगा वाजला. हिमातून त्याचं लाल नाकाड हळूहळू मोठं होत आलं, बर्फाची साय दुभंगत. आधी ठोकळा वर गेला, मग ते तिघे. डेकवर मॅडमनी तिचे दोन्ही हात आपल्या हातात चोळले आणि एवढंच विचारलं, "बोटं हलवून दाखव." दहाही हलली. मग प्रणालीनं उपकरणांचं सांगितलं तेव्हा मॅडम जवळच्या पेटीवर मटकन बसल्या. "बाई गं," त्या म्हणाल्या, "उघडं पाणी मिटताना उष्णता कशी कमी होत जाते, त्याची अख्खी नोंद आहे म्हणजे आपल्याकडे. आणि तुम्ही परत आलात. मला आता सूप हवंय." त्या दिवशी त्या दोन वाट्या सूप प्यायल्या.

जहाजाची उपग्रहाची जोडणी मधे बंद होती. ती सुरू झाल्यावर प्रणालीनं घरी फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"काय वं, फोन कावून नोयता लावला? तुये बाबा रोज मले इचारून राह्यले, जसा मीच लपवून ठेवला फोन!"

"नेटवर्क नोयतं, आई. आता आलं."

"बरी हायेस नं?"

"बरी हाओ. एकदम बरी."

होडीचं तिनं सांगितलं नाही. ते घरी गेल्यावर, समोर बसून सांगायचं असं तिनं ठरवलं. तिकडे देवीदासांनी फोन ओढून घेतला आणि झेंडूला यंदा भाव बरा असल्याचं सांगू लागले. मागून मैनाबाई ओरडली की पोरगी समुद्रात हाय, तिले झेंडू काय सांगता. देवीदास म्हणाले, मंग काय सांगू. दोघांची जुंपली. प्रणालीनं फोन कानाशी धरून पाय रजईत ओढून घेतले. बोटं आता झिणझिणत होती, चांगली दुखत होती, आणि त्या दुखण्याचं तिला बरंच वाटत होतं. तिकडे भांडण पालकाच्या बियाण्यावर गेलं होतं, तेव्हा तिचा डोळा लागला.