आत्या आणि कोंबडा

आमच्या आत्याचे ओठ वैशाखभर चिकट असायचे, करवंदांच्या चिकाने. कासुर्डीच्या मागच्या डोंगरावर जाळ्या पिकल्या की ही बाई पहाटे पाटी घेऊन निघायची आणि दुपारी हातभर ओरखडे घेऊन परतायची. "काट्याबिगर करवंद कुनी दिलं तर घिऊ नगं," असं बजावायची, आणि स्वतः मात्र दारात येईल त्याला ओंजळभर द्यायची.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली आणि घराचा कारभार तिच्या हातात गेला तो गेलाच. खोड मात्र जगावेगळी. पोरं करवंद फोडताना पैज लावतात ना, आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं तर कोंबडी? आत्या त्यावर घरचे निर्णय घ्यायची. कोंबडा म्हणजे हो, कोंबडी म्हणजे नाही. शेळी घ्यायची का, पत्रे बदलायचे का, सगळं वैशाखापर्यंत तुंबून राहायचं. आई वैतागायची. पण व्यवहार चोख! नखाने फोडलेलं करवंद तळहातावर ठेवून ती सगळ्यांपुढे फिरवायची. "बघून घ्या, मागनं कुरकुर नगं." एकदा तिला स्वतःलाच बोधगयेला जायचं होतं. कोंबडी निघाली, तर मुकाट घरी बसली.

मी बारावीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात शिरूरकडचं स्थळ आलं. त्यांना लग्न लगेच हवं होतं, मला नर्सिंगला जायचं होतं. दादा, म्हणजे माझे वडील, दौंडला रेल्वेत गँगमन. रुळावर खंबीर, घरात गुळमुळीत. पाहुणे ओसरीवर बसलेले असताना त्यांनी अंग काढून घेतलं. "आक्का, पोरीला शिकू द्यावं का? तूच बघ, करवंद सांगंल तसं."

आयुष्य माझं आणि निकाल करवंदाचा! दादांचा असा राग आला की विचारू नका.

आत्याने पाटीतलं एक करवंद उचललं. माझ्याकडे बघितलं. आणि न फोडताच तोंडात टाकून बियांसकट गिळलं.

"कोंबडा," ती म्हणाली. "पोरगी शिकंल."

"आवं, पन दाखवलं न्हाई तुम्ही," पाहुण्यांतले आबा म्हणाले.

"खाल्लं कुनी? म्या. मग मलाच ठावं."

पाहुणे चहा न घेता उठले. त्या दिवसानंतर आत्याने करवंदाला कधीच काही विचारलं नाही. "आता माझ्यावर इस्वास कोन ठिवंल?" म्हणायची.

पुढे दौंडच्या ज्या दवाखान्यात मी नोकरीला लागले, तिथेच ती शेवटच्या आजारात होती. एकदा सलाईन बदलताना मी विचारलं, "आत्या, खरं सांग, तो कोंबडाच होता ना?"

"म्या कुठं बघितलं?" ती डोळे न उघडता म्हणाली. "बघितलं आसतं आन् कोंबडी निघाली आसती, तर मला खोटं बोलावं लागलं आसतं."