चादर हलत नव्हती म्हणून

माझे धाकटे दीर घड्याळं दुरुस्त करायचे. चौतीस वर्षं एकच खुर्ची आणि एका डोळ्याला भिंग. गिऱ्हाइकानं विचारलं, "कधी मिळेल?" तर उत्तर ठरलेलं, "झालं की." लग्न केलं नाही, त्यामुळे बोलायची वेळच आली नाही, असं आमचे हे म्हणतात. पुढे लोक मोबाइलवर वेळ बघायला लागले आणि दोन वर्षांपूर्वी दुकान बंद झालं. भाऊजी मागच्या खोलीत जाऊन बसले ते बसलेच. हाक मारली की जेवायला यायचे, आपलं ताट धुवायचे, परत आत. मी रोज देवापुढे हात जोडून एकच मागायचे, या माणसाला कशात तरी गुंतव.

देवानं ऐकलं, पण ड्रोन देईल असं वाटलं नव्हतं. एकेक सुटा भाग मागवून भाऊजींनी तो चौदा महिने जुळवला. मांजराच्या पिल्लाएवढा जीव, चार पंखे, पोटाशी कॅमेरा. गच्चीवरून पहिल्यांदा वर गेला तेव्हा भाऊजी चक्क हसले. मी ह्यांना दाखवायला बोलावून आणलं, तोवर हसू आवरलेलंही होतं.

मग वारा सुटला. भाऊजी रोज गच्चीवर यायचे, लांबच्या झाडांचे शेंडे बघायचे, "वारा आहे," म्हणायचे आणि खोलीत जायचे. असे नऊ दिवस गेले. मला वाटलं, भाऊजी पुन्हा दार लावून बसणार. शिवाय मला गप्प बसवत नाही, हा माझा जन्माचा आजार.

"वारा कुठाय भाऊजी? ती चादर बघा, जागची हललेली नाही."

"वहिनी, वर असतो."

"वाऱ्यातलं मला सांगू नका. सव्वीस वर्षं कपडे वाळत घालतेय."

चादर टाकीच्या आडोशाला होती आणि पुढे छातीएवढा कठडा, हे सव्वीस वर्षांच्या अनुभवाला दिसलं नाही. वहिनीचा शब्द मोडायचा नाही, ही भाऊजींची जुनी खोड. त्यांनी ड्रोन उडवला आणि मी हट्टच धरला म्हणून दोन मिनिटांसाठी रिमोट माझ्या हातात दिला.

मी दांडी पुढे ढकलली मात्र, ड्रोन सुसाट निघाला! रिमोटच्या पडद्यावर गोदामाची पत्र्याची छपरं मागे पडली, लाकडाची वखार आली. मला वाटलं, काय हात आहे माझा. आयुष्य भांड्यांत फुकट घालवलं.

"फिरवा आता," भाऊजी म्हणाले.

फिरवला. तर तो नाक खाली घालून, जीव तोडून पंखे मारतोय आणि आहे तिथेच. बॅटरी बावन्न टक्के होती, बघता बघता एक्केचाळीस झाली. रिमोटवर घराचं चित्र असलेलं बटण होतं. घर म्हणजे घरी येणार, एवढी अक्कल मलाही आहे. भाऊजींना न विचारता दाबलं. ड्रोन सरळ उंच गेला आणि उलटा, आमच्यापासून लांब वाहत निघाला.

"घराचं बटण कोणी दाबलं?" भाऊजी ओरडले. दोन वर्षांत पहिल्यांदा. "ते आधी वर नेतं, वर वारा दुप्पट! द्या इकडे!"

मी डोळे मिटून देवाचं नाव घ्यायला लागले.

"डोळे उघडा, बॅटरी वाचा!"

"सव्वीस... भाऊजी, घरी आणा हो त्याला."

"घरी येणार नाही. खाली आणायचा. बोलू नका, आकडे सांगा."

"बावीस. एकोणीस."

त्यांनी ड्रोन छपरांच्या उंचीवर आणला, मग त्याहून खाली, वखारीच्या भिंतीआड. तिथे तो जरा सरळ झाला. अकरावर पडदा काळा झाला.

आम्ही चालत वखारीत गेलो. रखवालदार ड्रोनपासून चार हात लांब उभा होता. "चावत नाही ना?" म्हणाला. ड्रोन भुशाच्या ढिगावर होता. दोन पंखे तुटले होते, पंखा धरणारा एक हात मधोमध तडकला होता. भाऊजींनी तो रुमालात घेतला.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"आधी वाऱ्याच्या विरुद्ध जायचं असतं," ते म्हणाले. "मग बॅटरी संपत आली तरी वारा परत आणून सोडतो. मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं."

घरी आल्यावर खोलीचं दार लागलं. मी देवापुढे बसले, पण मागू काय? मागितलेलं त्यानं दिलं होतं आणि मी ते वखारीत नेऊन टाकलं होतं. ह्यांनी विचारलं, "काय केलंस?" मी पहिल्यांदाच थोडक्यात उत्तर दिलं.

चहाच्या वेळी दार उघडलं. भाऊजींच्या डोळ्याला भिंग होतं.

"वहिनी, शिवायचा दोरा आहे? तडा बांधायला. बारीक, पण पक्का."

मी धावत जाऊन अख्खा डबा त्यांच्यासमोर ओतला. पस्तीसेक रिळं जमिनीवर गडगडत गेली.

"एकच पुरेल," ते म्हणाले, आणि पलंगाखाली वाकून बाकीची गोळा करू लागले.

"कधी उडेल?" मी विचारलं.

"झालं की."