उंबऱ्यावरच्या तीन सरक्या

माझे वडील, आबा, मोठ्या लढाईत ब्रह्मदेशात होते. परत आले ते लंगडत. नंदुरबारला मिरचीच्या एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर राखण करायचे; आमचं घर खळ्यासमोरच होतं. दुपारी फावल्या वेळात त्यांनी मला आणि माझ्या थोरल्या भावाला एक खेळ शिकवला. जमिनीवर गेरूने डोंगर-नद्या काढायच्या. कापसाच्या सरक्या म्हणजे शिपाई, चिंचोके म्हणजे धान्य वाहणारी खेचरं. तीन डावांत खेचर पोचलं नाही तर सरकी उपाशी मरायची. घाट चढायला दोन डाव, उतरायला एक. त्यांनी स्वतः जे भोगलं होतं तेच नियम झाले होते.

भावाला हे पटायचं नाही. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाला कोंबडीची दोन पिसं खोचून त्याने उडता घोडा केला. हा म्हणे वेढ्यात सापडलेली माणसं उचलून आणतो.

"लढाईमा उडता घोडा नही ऱ्हास," आबा म्हणाले. "पाय ऱ्हातस. पायले फोड ऱ्हातस."

"मंग खेळू कशाले? तुमना खेळमा सगळा मरतस!"

आबांनी घोडा कोनाड्यात ठेवला. तो कधी पटावर येऊ दिला नाही.

भाऊ पुढे फौजेत गेला. चीनशी लढाई सुरू झाली तेव्हा तो पूर्वेकडच्या डोंगरात होता. त्याची पत्रं थांबली. बाजारात एका मारवाडी शेठजींच्या दुकानात रेडिओ होता. आबा रोज तिथे बातम्या ऐकून यायचे आणि ओट्यावर गेरू घेऊन बसायचे. मी सोळा-सतरा वर्षांची होते.

"पोरी, तू दुश्मन. दया नको करू."

मी खेळायचे. त्यांचे शिपाई रोज मरायचे. आबा हिशेब सोडत नव्हते. बर्फात घाटाला चार डाव, अंगात सुती कपडे, खेचरं वर चढत नाहीत. सगळ्या सरक्या उचलून ते पुन्हा मांडत. एका दुपारी चार वेळा मांडल्या. समोर खळ्यात मिरच्या वाळत होत्या, ठसका लागून डोळ्यांतून पाणी येई. ते कशाचं होतं हे आम्ही एकमेकांना विचारलं नाही.

त्या दुपारी आबांच्या तीनच सरक्या उरल्या होत्या. माझ्याने बघवेना. मी खिंडीतली माझी माणसं हळूच बाजूला सरकवली.

आबांनी माझा हात धरला. "वाट का सोडी? ते सोडतीन का?"

मी रडायला लागले. त्यांनी माझा हात सोडला. मग उठले, कोनाड्यातून घोडा काढला, त्यावरची धूळ फुंकली. तीन सरक्या मुठीत घेऊन घोडा डोंगरावरून, नद्यांवरून, गेरूच्या रेषा संपल्या त्याच्याही पुढे, गुडघ्यांवर रांगत, दुखरा पाय ओढत नेला. उंबऱ्यावर सरक्या ठेवल्या आणि मोठ्याने म्हणाले, "उना! घर उना!"

'आला' हे ऐकून माय चुलीपुढून धावत आली. हात पिठाने भरलेले, पदर खांद्यावरून गळलेला. "कोठे शे? कोठे शे मन्हा लेक?"

दारात कोणी नव्हतं. तिने आबांना रांगताना पाहिलं, सरक्या पाहिल्या. ती तिथेच खाली बसली आणि पिठाच्या हातांनी तिने तोंड झाकलं. आबा म्हणाले, "चुकनू मी, चुकनू." त्यांनी ओट्यावरचा गेरू आपल्या धोतराने पुसून काढला. तो खेळ आम्ही पुन्हा मांडला नाही.

भाऊ बेपत्ता असल्याचं पत्र आलं. त्यानंतर कितीतरी महिन्यांनी त्याच्याबरोबरचा एक शिपाई घर शोधत आला. साताऱ्याकडचा होता. त्याच्या पायाची बोटं गेली होती. त्याने सगळं सांगितलं. ठाणं सोडायचा हुकूम उशिरा आला. ते जंगलातून उतरत राहिले. विमानाने धान्य टाकलं, ते दरीत गेलं. एका ओढ्याकाठी भाऊ म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, मी जरा बसतो.

"कितला दिन उपाशी व्हतात?" आबांनी विचारलं.

"पाच, आबा."

आबांनी मान हलवली.

माय चुलीपुढे जाऊन बसली. तिने भाकरी थापली, मिरचीचा ठेचा केला आणि पाट मांडला. तो नको नको म्हणत होता.

"जेव," ती म्हणाली. "मन्हासमोर जेव."

तो जेवला. ती पुढ्यात बसून त्याचा घास न् घास बघत होती. चौथी भाकरी वाढली तेव्हा तो रडत होता, पण त्याने ताट बाजूला सारलं नाही.