छोटीचं घर आणि दादाचा पाय

छोटी पन्नाशी ओलांडून गेली तरी छोटीच राहिली. थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, लहानपणी मारलेली हाक तिला जन्माची चिकटली आणि इस्त्रीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे तिला तेच म्हणू लागले. ती कवळ्या बनवायची. तळ्याकाठच्या त्या लहानशा शहरात दातांचे डॉक्टर चार-पाच, पण कवळी करणारी लॅब एकच, आणि तिथे खिडकीजवळच्या टेबलावर छोटी. मेणात एकेक दात रोवायचा, साचा करायचा, मग घासून घासून जिभेला कळणार नाही इतका गुळगुळीत करायचा. शहरातली निम्मी म्हातारी मंडळी तिच्या हातचं हसत होती. रस्त्यात कुणी तिच्याकडे बघून हसलं तर छोटी आधी दात ओळखायची, मग माणूस.

आईवडील गेल्यावर दादा म्हणाला, "एकटी काय राहतेस? ये इकडे." ती गेली आणि तिथलीच झाली. दादा प्रेमळ होता यात वादच नाही, फक्त त्याच्या प्रेमाला नियम फार. पंखा दोनवर. टॉवेल वाळत घालताना किनार बाहेरच्या बाजूला. बातम्या चालू असताना मिक्सर बंद. जेवताना पुस्तक तर नाहीच नाही. त्याचं सगळं आयुष्य पाणीपुरवठा खात्यात नळाची गळती शोधण्यात गेलेलं. निवृत्त झाल्यावर नळ सुटले, शोधणं सुटलं नाही.

एका सकाळी चहाच्या वेळी छोटी म्हणाली, "मी घर बघतेय."

"कुणासाठी?" दादाने विचारलं.

"माझ्यासाठी."

दादाचा कप हवेतच राहिला. "का? इथे काय कमी आहे तुला?"

कमी काहीच नव्हतं. उलट सगळं जरा जास्तच होतं. पण हे तोंडावर कसं सांगणार? छोटीने टोस्ट चावत वेळ काढला. वहिनी ओट्याकडे तोंड करून उभी होती. तिने मागे वळून पाहिलं नाही, पण तिच्या हातातलं फडकं ओटा पुसायचं थांबलं होतं.

घर सापडलं ते होड्या दुरुस्त करणाऱ्याच्या शेडमागच्या गल्लीत, अगदी टोकाला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे जेमतेम खुर्ची मावेल एवढी पडवी. एजंट गोड बोलणारा होता. घर हवेशीर आहे म्हणाला, म्हणजे तीन खिडक्यांना काचा नव्हत्या. जुनं भक्कम बांधकाम म्हणाला, म्हणजे दार उघडायला खांदा लावावा लागला. तळ्याचं दृश्य आहे म्हणाला, तेही खोटं नव्हतं. न्हाणीघरात बादली पालथी घालून तिच्यावर उभं राहिलं की खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून चांगलं तळहाताएवढं तळं दिसत होतं.

दादाने भिंतींवर टिचक्या मारत दोषांचा पाढा वाचला. ओल आहे, पोपडे आहेत, मागच्या खोलीतल्या जमिनीच्या लाकडी फळ्या हलतात, नळ म्हणजे तर बोलायलाच नको. एजंटाने किंमत सांगितली तेव्हा मात्र दादाने ती पुन्हा विचारून घेतली. एजंट बिचारा एक शून्य विसरला की काय, असं त्याला वाटलं. मग त्याने छोटीला बाजूला घेतलं. "एवढं स्वस्त कुणी उगाच देत नाही. पाय काढता घे."

छोटीने पर्समधून दांडीचा छोटा आरसा काढला, दातांच्या मागे बघायचा. तो तिने तुळईच्या मागे सरकवला, चौकटीच्या खाली घातला, बॅटरी मारून कोपरान् कोपरा पाहिला. तुळईवर नखाने खरवडून पाहिलं. वाळवी नव्हती. मग ती म्हणाली, "मुळं शाबूत आहेत. वरचं सगळं बदलता येतं."

"अगं, हे घर आहे, कुणाचा जबडा नाही!"

"तेच म्हणतेय. जबडा बदलता आला नसता."

आणि तिने घर घेतलं.

दुरुस्तीला सुतार लावला, गवंडी लावला, आणि उरलेली कामं लॅब सुटल्यावर स्वतः. पुढचं दार अडकायचं. सुतार म्हणाला, खालून थोडं रंधून देतो. छोटी म्हणाली, "थोडं म्हणजे किती? आणि नेमकं कुठे?" कवळी नीट बसते का ते बघायला दातांमध्ये निळा कागद धरून चावायला लावतात. जो दात उंच, त्यावर निळा ठिपका उठतो. छोटीने लॅबमधून तसलाच कागद आणला, चौकटीत लावला आणि दार लोटलं. खालच्या कडेवर तीन निळे ठिपके उठले. तेवढंच घासलं, पुन्हा कागद, पुन्हा घासलं. दोन संध्याकाळी खर्ची पडल्या, पण दार असं बसलं की लावताना हवेचा उसासा ऐकू येई. सुताराने तोंडात बोट घातलं. लॅबमध्ये तर या दाराच्या गोष्टीने सगळ्यांचे कान किटले.

मग हवा कोरडी झाली, लाकूड आकसलं आणि दाराखाली चांगली दोन बोटं फट पडली. शेजारचं मांजर त्या फटीतून अंग चपटं करून आत यायला लागलं. सुतार येऊन बघून गेला. हसला नाही, हे त्याचे उपकार. "ताई," तो एवढंच म्हणाला, "दात फुगत नाहीत ना कधी?" छोटीने फटीला रबराची पट्टी लावून घेतली.

काम चालू असतानाच छोटी तिथे राहायला गेली, आणि दादा दर रविवारी यायचा. मदतीला येतो म्हणायचा, पण हातात हातोडीऐवजी मत असायचं. नवा नळ बघून म्हणाला, हा टिकणार नाही. रंग बघून म्हणाला, दवाखान्यासारखं दिसतंय. मागच्या खोलीच्या फळ्यांवर तर त्याचा दातच होता.

"या कुजल्यात. मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

"सुतार पुढच्या आठवड्यात बदलणार आहे, दादा. तिकडे जाऊ नकोस."

"बदलणार आहे, बदलणार आहे. धोका कळायला नको तुला? हे बघ, माणूस नुसता असा उभा राहिला..."

माणूस तसा उभा राहिला, आणि कडाड् आवाज होऊन उजव्या पायाने गुडघ्यापर्यंत जमिनीत गेला.

छोटी धावत आली तेव्हा दादा एक पाय वर आणि एक पाय खाली असा बसला होता, चेहरा पांढराफटक. पण त्याचं पहिलं वाक्य होतं, "बघितलंस?" छोटीने कवळी कापायचं-घासायचं छोटं यंत्र आणलं आणि पायाभोवतीची फळी इंच इंच कापत नेली. दादा डोळे मिटून, "हळू गं, छोटे, तो पाय आहे," असं म्हणत राहिला. पाय निघाला. हाड मोडलं नव्हतं, पण घोटा टम्म सुजला. डॉक्टरांनी सांगितलं, जिने चढायचे नाहीत. दादाचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. छोटीचं घर रस्त्याला लागून.

वहिनीने लगेच पिशवी भरून कपडे पाठवले. इतक्या लगेच, की पिशवी आधीच भरून ठेवली होती की काय अशी शंका यावी.

असा दादा छोटीकडे राहायला आला. पहिल्या दिवशी त्याने पंखा दोनवर केला. छोटी आली आणि चारवर करून गेली. त्याने टॉवेलची किनार बाहेर काढली. छोटीने तोच टॉवेल खुर्चीवर भिरकावला. ती जेवताना पुस्तक वाचायची, तेही पाण्याच्या तांब्याला टेकवून. बातम्यांच्या वेळीच तिला रेडिओवर गाणी लावायची हुक्की यायची, आणि न्हाणीघरातून ती वरच्या पट्टीत त्या गाण्यांना साथ द्यायची. तीही बेसूर. दादाचा तिळपापड व्हायचा, पण एका पायावर माणूस किती भांडणार?

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो म्हणाला, "हे सगळं तू आमच्याकडे कधी करत नव्हतीस."

"नव्हते."

"मला वाटलं, तुला गाणी आवडत नाहीत."

छोटी खिडकीशी बसून एका कवळीला पॉलिश करत होती. तिचे हात थांबले. ते गाण्यांमुळे नव्हे. आजवर दादा कायम 'आपल्याकडे' म्हणत आला होता. 'आमच्याकडे' पहिल्यांदाच म्हणाला. दादालाही ते ऐकू गेलं असावं, कारण तो एकदम घोट्यावरची पट्टी सारखी करायला लागला.

"तुला त्रास झाला का गं आमच्या घरी?" थोड्या वेळाने त्याने पट्टीलाच विचारलं.

"त्रास नाही रे. तू होतास म्हणून मला कधी एकटं वाटलं नाही." मग ती जरा घुटमळली. "पण मी तिथे सारखी पाहुण्यासारखी नीट वागत होते. दमले."

  संध्याकाळी छोटीने सवयीने पंखा चारवर केला आणि दादाकडे बघून तीनवर आणला. तोही मुकाट्याने पांघरूण गळ्यापर्यंत ओढून बसला.

वहिनी भेटायला आली ती नवी साडी नेसून, चेहरा टवटवीत. "पायाला पूर्ण आराम पडू दे," ती म्हणाली. "घाई करू नका हं."

"तुला घरी करमत नसेल ना?" दादाने काळजीने विचारलं.

"कसं करमणार!" वहिनी इतक्या चटकन म्हणाली की छोटीला चहा बघायच्या निमित्ताने उठावं लागलं. स्वयंपाकघरात वहिनी मागोमाग आली आणि कानाशी पुटपुटली, "वन्सं, अजून आठवडाभर ठेवाल का हो यांना? मी काल भर दुपारी टीव्ही बघितला. मोठ्या आवाजात!"

आठवडाभर ठेवलं. शेवटी शेवटी दादा काठी टेकत होड्यांच्या शेडपर्यंत जाऊन तिथल्या माणसाला होडी कुठे गळते ते दाखवायला लागला होता. त्या माणसाने छोटीला हात जोडून विचारलं, "भाऊ कधी जाणार?" घोटा बरा झाला, तरी दादाचं निघायचं नाव नव्हतं. रोज लंगडणं थोडं वाढतच होतं. मग एका सकाळी छोटीने त्याची पिशवी भरली, टॅक्सी बोलावली आणि म्हणाली, "दादा, रविवारी ये. जेवायलाच ये. पण आता घरी जा."

"हाकलतेस?"

"हो," छोटी म्हणाली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो नाक फुगवून गाडीत बसला, पण टॅक्सी वळेपर्यंत मागच्या काचेतून हात हलवत होता.

हल्ली घराचा विषय निघाला की दादा लोकांना सांगतो, "मीच तिला म्हटलं, घेऊन टाक." छोटी ऐकते आणि गालातल्या गालात हसते. वहिनी आता बुधवारी दुपारी एकटीच येते. दोघी पडवीत बसतात, खुर्ची एकच मावत असल्यामुळे आळीपाळीने.

मागच्या खोलीला नव्या फळ्या बसल्या, पण भिंतींना गिलावा अजून नाही. तिथे छोटीने लॅब सुटल्यावरच्या कामासाठी आपलं टेबल मांडलंय. डॉक्टरांनी पाठवलेले म्हातारे टोचणारी कवळी घेऊन येतात, खुर्चीत बसतात, उघड्या विटांकडे, छताकडे बघतात आणि बोलायला तोंड उघडतात, "घराचं काम अजून बरंच राहिलंय वाटतं?"

तोंड उघडलेलंच असतं. छोटी म्हणते, "अजून थोडं मोठं आ करा."