पंगतीतली कॅसेट

आमच्या राजुरीकडच्या लग्नांत स्पीकर लावणारा माणूस एकच, आणि त्याच्याकडे एक भयानक कॅसेट होती. पिक्चरच्या गाण्यांची नव्हे, तिच्यात शहरातला कुणी पोरगा गिटार घेऊन हिंदीत हळूहळू उसासे टाकत गायचा. हळदीला, वरातीला हा स्पीकरवाला लोकांच्या फर्माइशी मुकाट वाजवायचा. पण पंगत बसली, की कॅसेटवर फुंकर मारून तीच लावायचा आणि मशीनवर हात ठेवून डोळे मिटायचा.

"ह्या पोराला कुणी जेवायला घालत न्हाई का, राव?" बुंदी वाढणारे ओरडायचे. एकदा नवरदेवाच्या मामाने तर वायरच उपटली. याने ती शांतपणे परत जोडली. "घास हळू उतरतो, भाऊ. पोटाला लई बरं."

मग त्याच्याच मुलीचं लग्न निघालं. आता दिवसभर उसासे ऐकायचे, म्हणून मी कानात घालायला कापूस घेऊन गेलो. पण त्याने सकाळपासून नाचाचीच गाणी लावली. पंगतीलाही तीच. मुलगी रडत जीपमध्ये बसली, तेव्हाही कर्ण्यावर ढोल दणदणत होता. पाहुणे तोंड लपवून हसत होते.

जीप वळणाआड गेल्यावर मी विचारलं, "आज तुमची ती कॅसेट कुठंय?"

त्याने डोळे पुसत शर्टाच्या खिशावर हात ठेवला. "हितंच हाय. पण आज ती लावली असती, तर मशीनपाशी कोण बसलं असतं?"