उंबऱ्यावरचे पानी

बारामतीच्या एका महाविद्यालयात, भरल्या सभागृहात, सर मला म्हणाले, "ऊठ रे गणू, ते वाक्य म्हणून दाखव पोरांना."

माझे नाव गणू नाही. माझे वय बहात्तर. सर माझ्याहून चार वर्षांनी मोठे, एवढेच. तरी 'रे'.

गणू हा सरांच्या कथेतला शिपाई. इंदापूरच्या ज्या शाळेत सर मराठी शिकवत, तिथे मी शिपाई होतो. म्हणून गणू म्हणजे मी, असे सगळे धरून चालतात. कथेत गणू पाहुण्या साहेबांपुढे पेला धरतो आणि म्हणतो, "वाईच पानी घ्या की सायेब, घसा सुकला आसंल." साहेब हसतात, शिक्षक हसतात, मग सर त्याला पोटाशी धरतात. वाचक गहिवरतात. त्या दिवशी मुलांना गणूच्या भूमिकेतून, त्याच्याच शब्दांत लिहायला सांगितले होते, आणि 'खरा गणू' म्हणून मला शाल घालून मंचावर बसवले होते.

आता माझे म्हणणे नोंदवून घ्या. मी मॅट्रिक झालेला माणूस आहे. मराठीत वर्गात पहिला. सरांच्या प्रश्नपत्रिकांतले ऱ्हस्व-दीर्घ मी छापण्याआधी दाखवून देत असे, आणि ते मुकाट दुरुस्त करत. त्या शाळेत 'पानी' मी एकदाही म्हटले नाही. सर म्हणतात, कथाकाराला एवढे स्वातंत्र्य असते. असेल. पण ते वाक्य ज्या तोंडचे, ते तोंडच कथेत नाही.

ते माझ्या आईचे होते.

मी डबा विसरलो होतो. उन्हाळा. गावाबाहेरच्या आमच्या वस्तीवरून ती चालत आली, फडक्यात भाकरी बांधून. शिक्षकांच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर थांबली. चपला हातात. म्हणाली, "माजं पोरगं हितंच हाय न्हवं? वाईच पानी द्या की बाबा, घसा सुकलाय."

पानी की पाणी, मावशी? एका शिक्षकाने विचारले. हशा पिकला. सरही हसले. माठ माझ्या हाताशी होता. पेला भरायचा आणि तिच्या हातात द्यायचा, इतकेच करायचे होते. मी काय केले? मी तिला म्हणालो, "पानी नाही, आई. पाणी म्हण."

तिने माझ्याकडे पाहिले. मग खरोखरच प्रयत्न केला. जीभ टाळूला लावून पाहिली. "पा... पानी." खोली दणाणली. तिने भाकरी उंबऱ्यावर ठेवली. "ऱ्हाऊ दे. तुला येतंय, लई झालं," म्हणाली आणि तशीच उन्हात परत गेली. घोटभरही न पिता.

घरी तिने हा विषय कधी काढला नाही. मात्र माझ्यासमोर तो शब्द उच्चारणे सोडले. नुसता तांब्या पुढे करायची. मरेपर्यंत.

पुढच्या वर्षी सरांची कथा छापून आली. त्यांनी 'द्या'चे 'घ्या' केले होते, आणि वाक्य माझ्या तोंडी घातले होते. मागणारी बाई गेली. वाढणारा गडी आला. लोक म्हणतात, बिचारा भोळा, त्याला कळले नसेल. खोटे आहे. मी ओळ न् ओळ वाचली आणि सुटकेचा निःश्वास टाकला. कथेत आई नव्हती, म्हणजे तिला दुरुस्त करणारा मुलगाही नव्हता. त्या बदल्यात गणू व्हायला मी राजी झालो. बोलावतील तिथे गेलो. ते वाक्य म्हटले. अशुद्ध, मुद्दाम, तिच्याच सुरात. हशा घेतला.

त्या दिवशी सभागृहात पणदऱ्याची एक मुलगी वाचायला उठली. गणू होऊन तिने लिहिले होते, "मी पानी म्हणतो, कारण माझी आई पानी म्हणायची. तिच्या हातचं प्यालो तेव्हा ते मला कधी अशुद्ध लागलं नाही."

सरांनी तिला तिथेच थांबवले. "मूळ कथेत आई नाही, बाळ. मजकूर नीट वाचत जा." मुलगी खाली बसली. तिचा चेहरा मी ओळखला. उंबऱ्याबाहेर पाहिला होता. त्यानंतर सर माझ्याकडे वळले आणि ते वाक्य मागितले.

मी उठलो. शाल खुर्चीवर ठेवली.

"आई होती, सर. तुम्ही काढलीत, मी काढू दिली. ते वाक्य मी म्हणणार नाही."

गणू म्हातारा झाला, असे सर हसत म्हणाले. काही जण हसले. मी उभ्याउभ्याच सगळे सांगितले. माठासकट. मग कोणी हसले नाही.

आता इंदापुरात बोलले जाते, की म्हाताऱ्याने उतारवयात सरांचा अपमान केला. बोलोत. सरांचा गुन्हा सरांनी पाहावा. माझा त्याहून जुना आहे. क्षमा मला नको. ती देणारी उरलेली नाही.

म्हणून हे लिहिले. छापणाऱ्यास एकच ताकीद. माझी भाषा हवी तेवढी तपासा. आईच्या तोंडचे 'पानी' मात्र कोणीही दुरुस्त करायचे नाही. ते एकदा मी केले आहे.