घरापुरता वाफा

माझा स्वभाव संशयी आहे आणि माझ्या नोकरीला तो मानवतो. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत मी शेतांची माती तपासते; तिच्यात कीटकनाशकांचं किती विष उरलंय ते पाहते. माती घेऊन येणारा प्रत्येक जण आधीच सांगतो, आमच्यात काही निघणार नाही. मी मान डोलावते आणि कामाला लागते.

बदलापूरला आमच्या सोसायटीच्या गेटवर एक मावशी दर रविवारी भाजी घेऊन बसायच्या. जवळच्या गावातलं आगरी घर. पावसाळ्यात भात, तो निघाला की त्याच जमिनीत वाल, भेंडी, पालेभाज्या. मध्यंतरी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की या भाजीला औषधाचा वास येतो. झालं, मग ज्याला त्याला वास येऊ लागला. सेक्रेटरींनी मावशींना बजावलं, मातीचा रिपोर्ट चांगला आला तरच इथे बसायचं. आणि रिपोर्टसाठी माझ्याकडे बोट दाखवलं.

मावशींच्या मुलाची कंपनी बंद पडली होती, सून पोटुशी होती. घर त्या भाजीवरच चालत होतं. म्हणजे हे सगळं आता माझ्या मशीनवर आलं होतं, आणि मला ते मुळीच आवडलं नव्हतं.

शेतावर गेल्या गेल्या मी नेहमीचा प्रश्न विचारला. "मावशी, औषध मारता का?"

"आमी औषद मारीत नाय, ताई. घरात पंपच नाय."

मी तरी पडवीत नजर फिरवून घेतली. फवारणीचा पंप खरंच नव्हता. मग शेतात ठिकठिकाणी खड्डे घेऊन माती काढली, घमेल्यात एकत्र केली आणि पिशवी बांधली. परत येताना घराच्या मागे एक लहानसा वाफा दिसला. वर मांडव, त्यावर काकडी आणि दुधी. वेल नुसते तरारले होते.

"ही भाजी कुठे विकता?"

"ही इकायची नाय. ही घरची. जागा लई चांगली, मुंगी नाय का किडा नाय. सुनेला डोहाळं लागलंत काकडीचं."

माझे कान टवकारले. गिऱ्हाइकाला फवारलेलं द्यायचं आणि घरापुरतं चांगलं वेगळं लावायचं, हे मी पुष्कळ पाहिलंय. दोन्हीकडची माती शेजारी शेजारी तपासली तर खरं-खोटं बाहेर पडेल, असा माझा हिशेब होता. मी वाफ्यातली माती वेगळ्या पिशवीत भरायला घेतली.

"तिथली कशाला?" मावशींचा चेहरा उतरला.

"लागते," मी म्हटलं, जरा तोडूनच.

माती सावलीत वाळवायची, चाळायची, त्यातला अर्क काढायचा, मग मशीनचा नंबर लागायचा. तोवरचे रविवार वाईट गेले. मावशी टोपली न घेता गेटपाशी येऊन उभ्या राहायच्या आणि मी दिसले की माझ्या तोंडाकडे बघायच्या. मी मानेनेच नाही म्हणायचे. सोसायटीतले लोक मात्र नाक्यावरच्या टेम्पोतून खुशाल भाजी घेत होते. ती कुठून येते हे एकालाही ठाऊक नव्हतं. मला त्यांचा संताप यायचा, आणि जिन्यात भेटले की मी हसायचे.

शेतातली माती स्वच्छ निघाली. मग वाफ्याची लावली आणि स्क्रीनवर रेघ सरळ वर चढली. पिशव्यांची अदलाबदल झाली असणार, म्हणून मी स्वतःवरच चिडले. चिठ्ठ्या तपासल्या, सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. तेच आलं. शेतीत कधीचीच बंद झालेली एक जुनी पावडर होती ती. मातीत वर्षानुवर्षं राहते, आणि काकडी-दुधीसारखे वेल ती मुळांतून ओढून घेतात.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. सून ओटीवर विळी घेऊन बसली होती.

"मावशी, शेत स्वच्छ आहे. रविवारपासून बसा गेटवर."

"सांगत व्हते ना मी," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. सुनेला म्हणाल्या, "ताईंना काकडी दे."

सुनेने फोडींना मीठ लावून ताटली माझ्यापुढे केली, एक फोड स्वतः तोंडात टाकली. मी ताटली घेतली आणि खाली ठेवली.

"मागच्या वाफ्यात कधी औषध टाकलं होतं?"

"नाय. देवाशप्पथ नाय."

"पावडर?"

"पावडर व्हय. ती मुंग्यांची. ती कुठं औषद?" मावशी हसल्या. "तिथं आमचा खळा व्हता. भात झोडायच्या आधी शेणानं सारवायचा. मुंग्या दाणं न्यायच्या म्हणून सासूबाई उल्हासनगरच्या बाजारातनं सुट्टी पावडर आणायच्या, दर सालाला खळ्यावर फासायच्या. मग मळणीची मशीन आली, खळा पडून राह्यला. म्हटलं, एवढी निरोगी जागा हाय, घरापुरतं लावू."

औषध म्हणजे जे पंपाने पिकावर मारतात ते. जमिनीवर भुरभुरवलेली पांढरी पूड मावशींच्या लेखी औषध नव्हतीच. बाई अक्षरशः खरं बोलली होती.

"मावशी, ते विष आहे. अजून मातीत आहे. काकडीतही उतरलं असणार."

मला भयंकर राग आला होता आणि तो काढायला समोर कुणीच नव्हतं. सुनेने विचारलं, "मॅडम, बाळाला काय होईल का?"

"डॉक्टरांना सगळं सांगा. मला फक्त मातीतलं कळतं," मी म्हणाले. इतकं तोकडं उत्तर मी आयुष्यात कुणाला दिलं नव्हतं.

मावशी उठल्या. सुनेजवळ गेल्या आणि तिच्या हनुवटीखाली ओंजळ धरली.

"थुक. तोंडात हाय ते थुक."

"गिळलं, आई," ती म्हणाली.